तीन देशांचे पाणी प्यालेला यष्टिरक्षक

क्रिकेटच्या मैदानात अकरा माणसे उतरतात. त्यांतला एकजण असा असतो की त्याने दिवसभर काम चोख केले तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एक चेंडू हातातून निसटला तर साऱ्या जगाला तो दिसतो. हा माणूस म्हणजे यष्टिरक्षक. आमच्या वस्त्यांमधून, चाळींच्या बोळांतून मुले रबरी चेंडूने खेळतात तेव्हा स्टंपामागे कोण उभे राहते ते पाहावे. बॅट ज्याची असते तो फलंदाजी करतो, अंगाने दांडगा असतो तो गोलंदाजी करतो, आणि ज्याचे कुणी ऐकत नाही त्याला मागे उभे करतात. ‘तू कीपर हो’ हे वाक्य गल्लीत मानाने उच्चारले जात नाही.

वाचकहो, अशाच एका यष्टिरक्षकाची हकीकत आज आम्ही कौटुंबिक पानावर देत आहोत. त्याचे नाव गेरेंट जोन्स. तो फार मोठा खेळाडू होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्यापेक्षा सरस यष्टिरक्षक अनेक झाले. पण एका देशात जन्म, दुसऱ्यात बालपण, तिसऱ्या देशाची टोपी आणि शेवटी पुन्हा जन्मदेशाचा संघ, असा प्रवास फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पोटासाठी गाव सोडणे ज्यांच्या घरात नवे नाही, त्या आपल्या वाचकांना या प्रवासात विचार करण्यासारखे पुष्कळ सापडेल.

डोंगरातला जन्म

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे. डोंगर, जंगले आणि बेटे यांचा हा देश. तेथे ८०० हून अधिक भाषा बोलल्या जातात, म्हणजे एक दरी ओलांडली की बोली बदलते. १६ सप्टेंबर १९७५ रोजी हा देश ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. त्यानंतर वर्षाच्या आतच, १४ जुलै १९७६ रोजी, तेथील डोंगराळ भागातल्या कुंडियावा या गावी गेरेंटचा जन्म झाला. आईवडील मूळचे वेल्सचे. पुढे कुटुंब ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेले आणि मुलगा तिथेच वाढला, तिथेच क्रिकेट शिकला.

ऑस्ट्रेलियात यष्टिरक्षकाची जागा मिळवणे म्हणजे भरलेल्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळवण्यासारखे होते. एका संघात यष्टिरक्षक एकच लागतो. फलंदाज सहा लागतात, गोलंदाज चार-पाच लागतात, ग्लोव्हज मात्र एकालाच मिळतात. त्या काळात तिथे आधी इयान हिली आणि मग अॅडम गिलख्रिस्ट यांनी ती जागा वर्षानुवर्षे धरून ठेवली होती. गेरेंटने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आईवडिलांच्या मुलखाची वाट धरली आणि क्लब क्रिकेट खेळत खेळत इंग्लंडच्या केंट परगण्याच्या संघात शिरकाव केला.

केंट म्हणजे यष्टिरक्षकांचे माहेरघर. लेस एम्स, गॉडफ्रे इव्हान्स, अॅलन नॉट ही तिथली परंपरा. २००१ मध्ये गेरेंट केंटकडून पहिला सामना खेळला. २००३ च्या हंगामात ग्लोव्हज त्याच्याकडे नियमित आले आणि बॅटनेही त्याने भरपूर धावा काढल्या. वय सत्तावीस झाले होते. उशीर झाला होता, पण हातपाय गाळून बसला नव्हता.

पहिली परीक्षा : २०२ षटके

एप्रिल २००४ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर अँटिगाच्या चौथ्या कसोटीसाठी ख्रिस रीडला वगळून जोन्सला घेण्यात आले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सोपे काम मिळावे असे कुणालाही वाटेल. पण याच सामन्यात ब्रायन लाराने नाबाद ४०० धावांचा विश्वविक्रम केला. वेस्ट इंडीजने ५ बाद ७५१ धावांवर डाव घोषित केला तेव्हा २०२ षटके झाली होती.

आता हिशेब करा. २०२ षटके म्हणजे किमान १,२१२ चेंडू. प्रत्येक चेंडूला यष्टिरक्षक उकिडवा बसतो, उठतो, चेंडू घेतो, परत करतो, पुन्हा बसतो. बाकीचे क्षेत्ररक्षक एखाद्या चेंडूला मनाने दुसरीकडे गेले तरी खपून जाते. याला तशी मुभा नाही. आपल्या धम्मात सम्यक स्मृती म्हणतात, म्हणजे क्षणाक्षणाची जागृती, ती या कामाला लागते. चेंडू बॅटला लागणार असे दिसत असले तरी तो आपल्याकडेच येणार असे धरून हात तयार ठेवायचे. बाराशे वेळा तयार राहायचे आणि त्यांतले मोजकेच चेंडू झेल होऊन येणार! ही मोलमजुरी आहे. गिरणीत साच्यावर उभे राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच वर्षी जून महिन्यात लीड्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्याने बरोबर १०० धावा काढल्या. आपल्या तिसऱ्याच कसोटीत शतक! त्या संघात सायमन जोन्स नावाचा वेल्सचा वेगवान गोलंदाजही होता. त्यामुळे धावफलकावर ‘झे. जोन्स गो. जोन्स’ अशी गमतीदार नोंद दिसू लागली.

दोन धावांचे अंतर

२००५ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये आजही आठवला जातो. जुलै महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकदिवसीय मालिकेचा अंतिम सामना झाला. १९७ धावा हव्या होत्या आणि इंग्लंडचे ५ गडी ३३ धावांत परतले होते. तेव्हा पॉल कॉलिंगवूड आणि गेरेंट जोन्स यांनी ११६ धावांची भागी केली. जोन्सने ७१ धावा काढल्या आणि सामना बरोबरीत सुटला.

मग आली अॅशेस मालिका. पहिली कसोटी इंग्लंडने २३९ धावांनी गमावली. दुसरी कसोटी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर. ७ ऑगस्टच्या सकाळी ऑस्ट्रेलियाला जिंकायला १०७ धावा हव्या होत्या आणि हातात दोनच गडी होते. लोकांना वाटले, अर्ध्या तासाचे काम. पण शेन वॉर्न आणि ब्रेट ली लढले. वॉर्नचा पाय स्टंपाला लागून तो बाद झाला, तरी शेवटची जोडी ब्रेट ली आणि मायकेल कास्प्रोविच हटेना. ६२ पैकी ५९ धावा त्यांनी काढल्या. मध्येच थर्ड मॅनला सायमन जोन्सच्या हातून कास्प्रोविचचा झेल सुटला. ऑस्ट्रेलियाला जिंकायला तीन धावा उरल्या.

स्टीव्ह हार्मिसनने आखूड टप्प्याचा चेंडू टाकला. तो कास्प्रोविचच्या ग्लोव्हला लागून लेग साइडला गेला आणि गेरेंट जोन्सने झेपावून जमिनीलगत झेल घेतला. पंच बिली बाऊडेन यांचे बोट वर गेले. इंग्लंड दोन धावांनी विजयी! अॅशेसच्या इतिहासात धावांच्या हिशेबाने याहून निसटता विजय नाही. नंतर चित्रफितीत दिसले की चेंडू लागला तेव्हा कास्प्रोविचचा तो हात बॅटवरून सुटलेला होता, म्हणजे नियमाप्रमाणे तो बाद नव्हता. पण उघड्या डोळ्यांनी ते कुणालाच दिसण्यासारखे नव्हते.

ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या कसोटीत जोन्सने अँड्र्यू फ्लिंटॉफबरोबर १७७ धावांची भागी केली. फ्लिंटॉफच्या १०२, जोन्सच्या ८५. तो सामना इंग्लंडने तीन गड्यांनी जिंकला आणि मालिका २-१ अशी खिशात घातली. १९८६-८७ नंतर इंग्लंडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी मालिकेत विजय मिळाला होता. संघातल्या सर्वांना राणीच्या हस्ते दिले जाणारे किताब जाहीर झाले, त्यात पापुआच्या डोंगरात जन्मलेला हा यष्टिरक्षकही होता.

टाळ्या आणि शिव्या

हे सगळे वाचून वाटेल की गडी डोक्यावर घेतला गेला असेल. तसे झाले नाही. त्याच मालिकेत त्याच्या हातून सोपे झेल सुटले, मँचेस्टरला शेन वॉर्नला बाद करण्याची संधी हुकली. वृत्तपत्रांनी झोड उठवली. ख्रिस रीड हा हातांनी अधिक सफाईदार यष्टिरक्षक होता आणि त्याला बाहेर ठेवून जोन्सला बॅटसाठी खेळवतात, हा वाद इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे चालला.

या वादामागे खेळात झालेला बदल होता. अॅडम गिलख्रिस्टने सातव्या क्रमांकावर येऊन सामन्याचे पारडे फिरवायला सुरुवात केली, तेव्हापासून सगळ्या देशांना तसाच माणूस हवा झाला. पूर्वी यष्टिरक्षकाने झेल घेतले म्हणजे पुरे असे. आता त्याने झेलही घ्यायचे आणि धावाही काढायच्या. आमच्या माता-भगिनींना याचे नवल वाटणार नाही. कामाला बाहेरही जायचे आणि घरी येऊन चूलही पेटवायची, आणि भाजीत मीठ कमी पडले की तेवढेच सर्वांना दिसणार!

२००६ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत रीडला परत बोलावले. त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर ग्लोव्हज पुन्हा जोन्सकडे आले. डिसेंबरमध्ये पर्थच्या कसोटीत तो दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला आणि इंग्लंडने तिथेच अॅशेस गमावली. ज्या देशात लहानाचा मोठा झाला, त्याच देशात त्याची कसोटी कारकीर्द संपली. ३४ कसोटी, १,१७२ धावा, १२८ झेल, ५ यष्टिचीत. एकदिवसीय सामने ४९. वय तीस.

पुष्कळ खेळाडू येथे कडवट होतात. जोन्स केंटला परतला आणि खेळत राहिला. २००७ मध्ये केंटने इंग्लंडची ट्वेंटी-२० स्पर्धा जिंकली, त्या संघाचा यष्टिरक्षक तोच होता.

पुन्हा जन्मभूमीकडे

खरी गोष्ट पुढेच आहे. पापुआ न्यू गिनीत क्रिकेट पोहोचले ते एकोणिसाव्या शतकात, लंडन मिशनरी सोसायटीच्या लोकांबरोबर. राजधानी पोर्ट मोर्सबीजवळच्या हनुआबाडा या गावात ते असे रुजले की देशाच्या संघातले कितीतरी खेळाडू त्या एकाच गावचे निघाले. त्रोब्रियांड बेटांवरच्या लोकांनी तर पाद्र्यांचा खेळ आपल्या रिवाजात पुरता मुरवून टाकला. वाटेल तितके गडी, रंगवलेली अंगे आणि गडी बाद झाला की नाच! परक्याने दिलेली वस्तू आपली कशी करावी हे त्यांच्याकडून शिकावे.

पण जागतिक क्रिकेटमध्ये या देशाला कुणी विचारत नव्हते. २०१२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत पापुआ न्यू गिनीच्या संघात एक ओळखीचे नाव दिसले : गेरेंट जोन्स. लॉर्ड्सवर खेळलेला, अॅशेस जिंकलेला माणूस आता जन्मदेशाच्या हौशी पोरांबरोबर उभा होता. २०१४ च्या प्रारंभी न्यूझीलंडमध्ये झालेल्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत हा संघ चौथा आला आणि त्याला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे हाँगकाँगविरुद्ध देशाचे पहिले दोन एकदिवसीय सामने झाले. दोन्ही पापुआ न्यू गिनीने जिंकले. अडतीस वर्षांचा जोन्स दोन्ही सामन्यांत होता, आणि सामने झाले ते ज्या क्वीन्सलँडमध्ये तो वाढला त्याच प्रांतात! इंग्लंडचे ४९ आणि जन्मदेशाचे २, असे एकूण ५१ एकदिवसीय सामने त्याच्या नावावर लागले.

सप्टेंबर २०१५ मध्ये ग्लॉस्टरशायरने लॉर्ड्सवर सरेला सहा धावांनी हरवून एकदिवसीय करंडक जिंकला आणि त्या सामन्याने जोन्सने खेळाचा निरोप घेतला. पापुआ न्यू गिनीचा संघ पुढे २०२१ आणि २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकांत खेळला. तिथे एकही सामना जिंकता आला नाही. पण ज्या दरवाजावर पूर्वी थापही मारता येत नव्हती त्या दरवाजातून ही मुले आत गेली.

खरा हिशेब मांडू या

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जोन्सला तीन देशांची दारे उघडली ती काही नुसत्या गुणांवर नव्हे. आईवडील वेल्सचे होते, म्हणून इंग्लंडच्या संघाचा रस्ता त्याला मोकळा होता. त्याच वर्षी त्याच कुंडियावात एखाद्या तिथल्या मूळ रहिवाशाच्या झोपडीत जन्मलेल्या मुलाने, कितीही चपळ हात असले तरी, लॉर्ड्स पाहिले असते काय? जन्म एकाच गावात, पण जन्माची किंमत वेगळी. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्या बाळू पालवणकरांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पुण्याच्या मैदानात त्यांच्या फिरकीवर सामने जिंकले जात, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही झगडा झाल्यावर. परमुलखातल्या माणसाला काही वर्षांत देशाची टोपी मिळते, आणि आपल्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्याला पंक्तीला बसू दिले जात नाही. मग परका कोण आणि आपला कोण, हे ठरवते कोण?

म्हणून स्थलांतर करणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट एकसारखी नसते. मॅट प्रायर जोहान्सबर्गला जन्मला आणि इंग्लंडचा यष्टिरक्षक झाला. बी. जे. वॉटलिंग डर्बनचा, लहानपणी न्यूझीलंडला गेला आणि २०२१ मध्ये भारताविरुद्ध कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना जिंकून निवृत्त झाला. आणि आपल्या मुंबईत जन्मलेला स्वप्निल पाटील? तो आखातात गेला, तिथे खेळत राहिला आणि २०१५ च्या विश्वचषकात संयुक्त अरब अमिरातीचा यष्टिरक्षक म्हणून उभा राहिला. २८ फेब्रुवारी २०१५ रोजी पर्थला त्याचा सामना होता भारताशी! भारताने तो सहज जिंकला. त्या अमिरातीच्या संघात बरेचसे खेळाडू नोकरी सांभाळून खेळणारे होते. खुर्रम खान विमानात प्रवाशांची सेवा करी, कर्णधार मोहम्मद तौकीर बँकेत होता. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतला भाऊ, मुलगा, जावई दुबई-शारजा-मस्कतला घाम गाळतो आहे. त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

देणे कुणाचे?

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली व्यथा बोलून दाखवली होती. समाजाच्या आधाराने वर चढलेली माणसे मागे वळून पाहत नाहीत, हे दुःख त्यांना शेवटपर्यंत होते. ते स्वतः अमेरिकेत, विलायतेत शिकले, पण परतले ते आपल्या माणसांच्या कामासाठी. त्या थोर जीवनाशी एका क्रिकेटपटूची तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण छोट्या माणसाच्या छोट्या कृतीतूनही धडा घेता येतो. जोन्सच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. त्याने केले काय, ते मात्र नोंदीत आहे. मोठ्या संघाने बाजूला केल्यावर त्याने आपले शिकलेले कसब घेऊन लहान संघात जागा घेतली, आणि त्या संघाने आपल्या देशाचे नाव नकाशावर लावले तेव्हा तो स्टंपांजवळच होता.

आपल्याकडे नोकरी लागली, सोसायटीत घर झाले, की वस्तीची वाट विसरणारे थोडे नाहीत. त्यांनी सगळे सोडून परत यावे असे कोण म्हणतो? महिन्यातून एक रविवार विहारात येऊन दहावीच्या मुलांना गणित शिकवले, एखाद्या होतकरू पोराला ग्लोव्हजची जोडी घेऊन दिली, मुंबई-पुण्याच्या निवड चाचणीला जाण्याचे भाडे दिले, तरी पुष्कळ झाले. ग्लोव्हज महाग असतात. बॅट उसनी मिळते, ग्लोव्हज कुणी उसने देत नाही. कितीतरी मुले त्याच कारणाने हा खेळ रबरी चेंडूवरच सोडून देतात.

आणि आईबापांना एक सांगणे. तुमच्या मुलाला किंवा मुलीला कुणी मागे उभे केले म्हणून हिरमुसू देऊ नका. सगळा खेळ तिथूनच दिसतो. गोलंदाजाचा हात दिसतो, फलंदाजाचे पाय दिसतात, क्षेत्ररक्षकांची जागा दिसते. झेल सुटेल, लोक बोलतील. पुढचा चेंडू येण्याआधी पुन्हा बसायचे, हात पुढे धरायचे आणि डोळे उघडे ठेवायचे. जोन्स ३४ कसोट्यांत तेवढेच करत राहिला, आणि त्यातला एक चेंडू दोन धावांच्या अंतरावर त्याच्या हाती आला.